चौसष्टावं घर

चौसष्ट रिकामी घरं चालायची आणि पासष्टाव्यात शिरायचं, एवढंच तर होतं. सर चौसष्टाव्यातच शिरले. आणि ती त्यांच्यामागून गेली नाही.

तालीम सुटून अर्धा तास होऊन गेला होता. नाट्यगृहाच्या मागच्या दारानं बाहेर पडून ती रस्त्याला लागली होती, ट्रम्पेटची पेटी उजव्या हातातून डाव्यात आणि डाव्यातून उजव्यात जात होती, दुपारचं ऊन समोरच्या काचांवरून उडून डोळ्यांत येत होतं, तरी ती अजून त्या घरातच उभी होती. छाती भरलेली होती. घेतलेला श्वास सोडायचाच राहून गेला असावा, तशी. दोनदा थांबून तिनं उसासा टाकून पाहिला. पण तो वरवरचाच निघाला. आत तळाशी काहीतरी धरून ठेवलेलं होतं, ते सुटेना. एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहून नुसतीच मान हलवली, जणू त्यालाही कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. ती चटकन पुढे झाली.

घर हा सरांचा शब्द. स्वरांच्या कागदावर उभ्या रेघा मारून जे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बाकीचे वादक काय वाटेल ते म्हणोत, सर घर म्हणायचे, आणि सरांच्या हाताखालून गेलेली सगळी पितळवाली, म्हणजे पितळी वाद्यं फुंकणारी, माणसंही घरच म्हणायची. व्हायोलिनवाल्यांच्या घरांत सदा वर्दळ. ट्रम्पेटवाल्यांची घरं मात्र ओळीनं रिकामी. वीस रिकामी, चाळीस रिकामी, मग एका घरात शिरून दहा-बारा सूर फुंकायचे, की पुन्हा सुनी आळी. "आपण वाजवणारे नव्हे गं, थांबणारे," सर म्हणायचे. "वाजवतं कुणीही. थांबता आलं पाहिजे." आणि थांबायचं तर मोजायचं. मांडीवर बोट टेकवून, ओठ न हलवता, मोजत मोजत त्या सुन्या आळीतून चालायचं, आणि नेमक्या दारावर थाप मारायची. एक घर अलीकडे थाप मारली की आतून भलताच माणूस बाहेर येतो.

पण माणूस चुकायचाच. म्हणून सरांनी दुसरा एक नियम घालून दिला होता. पहिल्या खुर्चीतला, म्हणजे मुख्य वादक शिरला, की दुसऱ्या खुर्चीतल्यानं त्याच्याबरोबर शिरायचं. बरोबर की चूक, तो विचार सूर संपल्यावर. दोघं मिळून चुकले की संचालकाला वाटतं आपणच कुठं अडखळलो. तो निमूट सगळ्यांना ओढून त्या घरात आणतो, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. एक ह्या घरात आणि दुसरा त्या घरात, असं झालं मात्र की बिंग फुटलं. हा नियम तिनं स्वतः चार जणांना शिकवला होता, आणि शिकवताना दर वेळी तिचा आवाज थोडा हळवा झाला होता. पंधरा वर्षं ती सरांच्या डाव्या हाताला दुसऱ्या खुर्चीत बसत होती. पंधरा वर्षांत हा नियम वापरायची वेळ एकदाही आली नव्हती. आज आली, आणि तिचं ट्रम्पेट मुकंच राहिलं.

तिनं ठरवून केलं नव्हतं. किंवा केलं होतं. सरांचा सूर निघाला, उजव्या कानाशी, भरदार, आणि तिच्या मनानं स्वच्छ म्हटलं: चौसष्ट. अजून चौसष्टच. मग एक अख्खं घर ती नुसती बसून राहिली. एका घरात चार ठोके असतात. चार ठोक्यांत माणूस ट्रम्पेट ओठांना लावू शकतो, फुंकू शकतो, बुडणाऱ्याला हात देऊ शकतो. तिनं पासष्टाव्याची वाट पाहिली, आणि आली तेव्हा इतकी नेमकी आली की तिची तिलाच शिसारी आली. मग दोन ट्रम्पेटं एकमेकांच्या पाठीवरून घसरत राहिली, एकच पत्र दोघांनी एकेका ओळीच्या अंतरानं मोठ्यानं वाचावं तशी. चौथ्या घरात सर थांबले. ओठांवरून ट्रम्पेट काढून त्यांनी खालची बारीक कळ दाबली आणि फुंकून साचलेलं पाणी काढावं तसं ते झटकलं. नळीत पाणी नव्हतंच.

काठीवाल्यांनी हात खाली घेतला. संचालकांना सगळे मागून काठीवाले म्हणत. "ट्रम्पेट," ते म्हणाले, "कोण बरोबर?"

सर कळांकडे बघत होते. ती सरांकडे बघत होती. मागून नगारेवाला म्हणाला, "दोघंही बरोबर, साहेब. आम्हीच मेले उशिरा जन्मलो." सगळा वाद्यवृंद खळखळून हसला. त्या हसण्यात सगळं निभावून जाईल असं तिला क्षणभर वाटलं, पण सर हसले नाहीत. सगळे हसून गप्प झाल्यावर मग जरासे हसले.

तालीम सुटल्यावर काठीवाल्यांनी तिला खोलीत बोलावलं. बसा म्हणाले. ती म्हणाली, उभी आहे ते बरंय.

"परवा मी मधली दोन घरं गाळायला सांगितली," ते म्हणाले. "सगळ्यांनी पेन्सिलीनं काट मारली. सर कागदाकडे बघत बसले होते. तुम्ही बोटानं दाखवलंत तेव्हा त्यांनी मारली. मी काही बोललो नाही. वय झालं की मोजणी सुटते, त्यात लाज कसली? पण उद्या सकाळी शेवटची तालीम आणि संध्याकाळी कार्यक्रम. चौसष्ट घरं सगळ्यांनी जीव मुठीत धरून वाजवायचं आणि नंतर ट्रम्पेटनं दार उघडायचं, असं आहे ते. तिथं मला धाकधूक नको. आज चूक कुणाची होती?"

तिनं पेटीची कडी उघडली आणि पुन्हा लावली.

"त्यांची असेल तर उद्या पहिल्या खुर्चीत तुम्ही बसा. तुम्ही नको म्हणालात तर बाहेरून माणूस आणीन. तुमची असेल, तर प्रश्न मिटला. सर आहेत तिथं आहेत."

"विचार करून सांगते."

"घर मोजायला विचार लागतो?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. सकाळी सांगा."

आता ती चालत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण घराच्या उलट दिशेला आलो आहोत. ह्या बाजूला पुढे सर राहायचे, आणि त्याच्या अलीकडे त्यांची जुनी शिकवणीची खोली होती. खाली पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान, वर लाकडी जिना, आणि जिन्याच्या टोकाला ती खोली, जिच्या भिंतींना फुंकून फुंकून बाक आलाय असं सर म्हणायचे. ती अकरा वर्षांची असताना तिथं गेली ती एका फुटक्या बिगुलापायी, जे तिला माळ्यावर सापडलं होतं. सरांनी ते बिगुल बाजूला ठेवलं आणि हातात नुसता माउथपीस दिला, नळीचं ओठांना लावायचं तोंड, लहानशा पेल्यासारखं. सहा महिने एवढंच. फुंक. तिनं फुंकलं, आणि त्यातून बारीक शिट्टी निघाली, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. सर पोट धरून हसले. तेव्हापासून ती शिट्टी. लग्न झालं, स्वतःचे विद्यार्थी झाले, कानाजवळ दोन केस पांढरे झाले, तरी सरांच्या तोंडी शिट्टीच.

सर शिकवायचे तेव्हा कानानं नव्हे, डोळ्यांनी शिकवायचे. समोर खुर्ची टाकून ओठांकडे एकटक बघत बसायचे. ओठांची डावी कड सैल पडली की सूर बिघडायच्या आधीच त्यांचं बोट वर व्हायचं. "ओठ खोटं बोलत नाहीत," म्हणायचे. आणि मधेच, तिचे ओठ सुजून लाल झाले की, विसाव्याला म्हणून गोष्टी सांगायचे. पूर्वी ह्या नळीला कळा नव्हत्या. सरळ लांबच्या लांब नळी, माणसापेक्षा उंच, आणि तिच्यातून मोजके सूर निघायचे; तेवढ्यावर राजे दरबारात यायचे आणि सैन्यं उठायची. मग कुणीतरी ती गुंडाळली, घोड्यावर बसून वाजवता यावी म्हणून. उंच मनोऱ्यावर एक फुंकणारा बसायचा, गावात आग दिसली की फुंकायचा, नाही दिसली की नुसता बघत बसायचा. "जन्मभर बघत बसायचा बिचारा. त्याची सगळीच घरं रिकामी." आणि वेढ्यातल्या किल्ल्याची एक गोष्ट, जी त्यांनी रचलेली होती हे तिला फार उशिरा कळलं: आतल्या एकानं बाहेरच्यांना फितूर होऊन इशारा एक घर आधी फुंकला, आणि आपलेच लोक समजून पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला. "हूल दिली," सर डोळे मोठे करून म्हणायचे. "शिट्टे, फुंकणाऱ्याला दोनच पापं. एक, बेसूर. दुसरं, हूल."

मोजायला शिकवलं तेही रस्त्यावर. ह्याच रस्त्यावर. बोट धरून दारामागून दार. "हे एक. इथं कुणी नाही. हे दोन. इथंही कुणी नाही. हात लावायचा नाही कुठल्या दाराला. चल पुढे." ती अकरा वर्षांची, आणि एका दारातून तळणाचा वास येत होता, एका दारात मांजर होतं, एका दारातून कुणीतरी भांडत होतं, आणि सर म्हणत होते, कुणी नाही. तिनं विचारलं, "पण सर, माणसं तर आहेत की!" सर म्हणाले, "आहेत. पण आपली नव्हेत. आपलं घर येईपर्यंत सगळ्यांना ऐकायचं आणि कुणाच्यात शिरायचं नाही."

पंधरा वर्षं ती कुणाच्यात शिरली नव्हती का? खरं सांगायचं तर रोज शिरत होती. ती चौसष्ट घरं चालून झाली की पुढे जी ओळ येते, ती सरांची. वरची. तिची ओळ तिच्याखालून सावलीसारखी जाणारी. आणि गेली कित्येक वर्षं, सर ती वरची ओळ वाजवत असताना, तिची बोटं आपली ओळ वाजवत आणि बाकी सगळी ती सरांची वाजवत असे. कधी कधी तर आधीच, घरं मोजता मोजताच, ती मनात सुरू करून टाकी: मी असते तर पहिला सूर असा उचलला असता, इथं एवढा ताणला असता, आणि त्याच्याआधी श्वास असा खोल... आज सुद्धा. त्रेसष्टाव्या घराच्या शेवटी. ती थांबली. पेटी पायाशी ठेवली. त्रेसष्टाव्या घराच्या शेवटी तिनं श्वास घेतला होता. सूर निघाला तेव्हा छाती आधीच भरलेली होती, आणि ती तशीच धरून ती एक अख्खं घर बसली होती. तो हा श्वास. तो हा, जो सुटत नव्हता.

पण श्वासाचं काय एवढं? श्वास काही ऐकू जात नाही. सरांनीच तर शिकवलं होतं, श्वास शेजाऱ्याला सुद्धा ऐकू जाता कामा नये. मग दोनेक वर्षांपूर्वी तेच एकदा म्हणाले होते, "जरा मोकळा घे की श्वास. कुणाला भितेस?" तिला वाटलं होतं, म्हातारपणी मन मऊ झालं. त्याच सुमाराला त्यांची खुर्ची चार बोटं डावीकडे सरकली होती. तिचं कोपर त्यांच्या कोपराला लागायचं. तिला ते नको वाटायचं, आणि ते नको वाटलं म्हणून पुन्हा स्वतःचाच राग यायचा. एकदा तिनं हळूच आपली खुर्ची सरकवली. दुसऱ्या दिवशी सरांची पुन्हा तितकीच जवळ. मनात काहीतरी चुकचुकलं होतं तेव्हा, पण तिनं ते पुढे जाऊ दिलं नव्हतं.

ती सरांच्या दारात पोचली तेव्हा दिवे लागायचे होते. काकूंनी दार उघडलं.

"ये गं. बरं झालं आलीस. आल्यापासून तोंडातून अक्षर नाही ह्यांच्या. मोठ्यानं बोल हं, आजकाल दुसऱ्याचं बोलणं पटतच नाही ह्यांना." आणि हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

सर आतल्या खोलीत पाटावर बसले होते. समोर घमेल्यात कोमट पाणी, आणि पाण्यात सुटं केलेलं ट्रम्पेट. तीन कळा फडक्यावर ओळीनं वाळत घातलेल्या. लांब काडीला चिंधी गुंडाळून ते नळी आतून पुसत होते. त्यांची पाठ दाराकडे होती. "सर," ती म्हणाली. काडी आतबाहेर होत राहिली. "सर." स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी वाजायला लागली, आधी बारीक, मग किंचाळल्यासारखी, काकू धावत गेल्या, आणि सरांची मान जरासुद्धा वळली नाही. ती भिंतीला धरून उभी राहिली. मग पुढे होऊन तिनं त्यांच्यासमोर घमेल्याच्या पलीकडे बसकण मारली. सरांनी वर पाहिलं. नजर सवयीनं तिच्या ओठांवर गेली.

"आलीस? मला वाटलंच."

"सर, तुम्हाला..." पुढचा शब्द तिच्या तोंडून निघेना. पण ओठांवर आला असावा.

"दोन वर्षं झाली," सर म्हणाले. "वरची पट्टी गेली आधी. व्हायोलिनं गेली, पाखरं गेली, तुझ्या काकूचा राग गेला, तेवढं बरं झालं. मग हळूहळू बाकीचं. नगारे येतात अजून, पायातून. माझा स्वतःचा सूर दातांतून येतो, हाडातून. तो कुठं जातोय?"

"आणि बोलणं?"

"चाळीस वर्षं लोकांच्या ओठांकडेच बघत आलोय. त्याचा काही उपयोग व्हायला नको?" ते काडी झटकून म्हणाले. "फक्त काठीवाल्यांच्या मिशा आड येतात. त्यांना म्हणावं, थोड्या कापा."

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच डोळे भरून आले. "मग घरं कशी मोजता?"

"मी कुठं मोजतोय? तू मोजतेस. श्वासाबरोबर तुझं कोपर वर झालं की मी शिरतो." त्यांनी एक कळ घेऊन उजेडात धरली. "आज वर झालं. चांगलं भरघोस वर झालं. मी शिरलो. तू आली नाहीस." जरा वेळ ते कळ फिरवत राहिले. "दुपारभर इथं बसून मला वाटत होतं, पोरीनं हूल दिली."

"सर!"

"वाटलं, ते सांगतोय. मग तुझं तोंड आठवलं. हूल देणारा माणूस असा पांढराफटक पडत नाही. मग म्हटलं, काय झालं असेल? तेव्हा लक्षात आलं." त्यांनी पहिल्यांदाच ओठ सोडून तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तू माझी ओळ वाजवतेस. किती वर्षं वाजवतेस ते मला माहीत नाही, पण खुर्ची जवळ घेतल्यापासून मला कळतंय. माझ्या श्वासाच्या जागा तुझ्या जागांपेक्षा निराळ्या आहेत, शिट्टे. तुझं कोपर दोन्ही जागांना हलतं. आज तू ती जरा घाईनं वाजवलीस, एवढंच. घाई कसली होती गं?"

उत्तर इतकं सोपं होतं की ओठांवर आलं असतं तर त्यांनी वाचलं असतं, म्हणून तिनं तोंड फिरवलं. काकूंनी चहा आणून ठेवला आणि दोघांकडे पाहून परत गेल्या.

"काठीवाल्यांनी विचारलंय," ती शेवटी त्यांच्याकडे वळून म्हणाली. "चूक कुणाची. उद्या सकाळी सांगायचंय." आणि सगळं सांगितलं, पहिल्या खुर्चीचं, बाहेरच्या माणसाचं.

"मग सांग."

"काय सांगू? तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं मी आयुष्यात कधी बोलून सांगितलेलं नाही," सर म्हणाले, आणि पुन्हा नळीत काडी घातली. "चहा पी. निवेल."

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली आणि उठली, खिडकीशी गेली आणि परत आली. चूक माझी होती, असं सांगितलं तर ते खरंच होतं. पण ती कशी, हे सांगायला गेलं की सरांचे कान उघडे पडत होते. चूक त्यांची, असं सांगितलं तर तेही तसं खोटं नव्हतं, चौसष्टाव्यात शिरले ते तेच; आणि मग ती खुर्ची तिची, जिच्याकडे ती पंधरा वर्षं कोपरानं सरकत होती. आणि सर आहेत तिथं राहिले तर? तर उद्या, आणि उद्यानंतर, जोवर ते बसतील तोवर, तिला ती वरची ओळ मनात सुद्धा वाजवता येणार नव्हती. इच्छा झाली की श्वास होणार, श्वास झाला की कोपर, आणि कोपर झालं की सर भलत्या घरात. इच्छेलाच कुलूप घालायचं. ते कसं घालतात? तिनं ताठ बसून, मांडीवर बोट टेकवून, नुसती घरं मोजून पाहिली. वीसच्या पुढे श्वास कधी घ्यायचा तेच कळेना. घ्यावा तर फार मोठा होई, न घ्यावा तर डोळ्यांपुढे अंधारी येई. पावलाकडे बघत चालायला गेलं की पाय अडखळतात, तसं झालं. जी गोष्ट जन्मल्यापासून आपोआप चालली होती, ती आज हातात घेतली आणि मोडली.

चष्म्याच्या दुकानातून नवरा आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्यानं दारातूनच पाहिलं. "काय गं, कुणाचं काय चोरून आणलंस?"

"मी श्वास घेतेय."

"घे की. माणसं मरेपर्यंत घेतात, शिकवणी न लावता." मग तिचं तोंड पाहून तो जवळ येऊन बसला. तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, भिंगं पुसायचं फडकं खिशात होतं ते काढून उगाच स्वतःचा चष्मा पुसला. "आमच्याकडे एक गिऱ्हाईक येतं," तो म्हणाला. "दिसत नाही धड, पण नंबर वाढवून घेत नाही. म्हणतं, बायको बरोबर असते. मी दर वेळी विचारतो, आणि बायको नसली तर? ते म्हणतं, नसली तर बघायचंय काय?" तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. पण झोप आली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ती दचकून मोजत उठली.

सकाळी काठीवाल्यांच्या खोलीत ती बसली नाही.

"चूक माझी होती."

"तुमची? अहो, तुम्ही तर बरोबर घरात शिरलात."

"शिरले बरोबर. श्वास भलत्या घरात घेतला."

काठीवाले बोलायला गेले आणि थांबले. त्यांच्या मिशा हलल्या, पुन्हा थांबल्या. एवढी वर्षं पितळवाल्यांसमोर काठी हलवलेला माणूस तो. त्याला कळायला किती वेळ लागणार? "म्हणजे ते तुमच्या..."

"चूक कुणाची, एवढंच विचारलं होतं तुम्ही."

त्यांनी टेबलावरची काठी उचलून सरळ ठेवली. "आज चुकणार नाही?"

"नाही."

"लिहून देता?"

"काय लिहून देऊ? श्वास?"

त्यांनी हातानंच जा म्हटलं. तालमीत तो भाग त्यांनी घेतलाच नाही. तेवढं संध्याकाळी, म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. नगारेवाला मागून पुटपुटला, "संध्याकाळी आपण सगळे मेलो, ताई."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. लोक खाकरले, खुर्च्या करकरल्या, काळोख झाला. पहिला भाग कसा गेला ते तिला कळलं नाही. मग व्हायोलिनं अगदी हळू झाली, जमिनीलगत सरपटायला लागली, आणि रिकामी घरं सुरू झाली. एक. कुणी नाही. दोन. कुणी नाही. तिचं उजवं कोपर सरांच्या डाव्या कोपराला लागून होतं. आज तिला ते नको वाटत नव्हतं, नुसतं ऊबदार वाटत होतं, आणि त्या ऊबेचंच भय वाटत होतं. ती उथळ, चिमटीचिमटीनं श्वास घेत चालली. वीस. तीस. चाळिशीला वरची ओळ मनात आली. आली तशी तिनं तिला दारातच उभी केली. नको. आज नको. तुझं घर नव्हे हे. ती ओळ गेली नाही, उंबऱ्यावर ताटकळत राहिली, लहान मुलासारखी. पन्नास. ओठ कोरडे पडले होते. एकोणसाठ. साठाव्या घरात दोघांनी ट्रम्पेट उचलून तयार व्हायचं असतं. तिनं उचललं.

सरांनी उचललं नाही.

ते समोर बघत ताठ बसले होते, ट्रम्पेट मांडीवर आडवं. एकसष्ट. झोप लागली? विसरले? तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यांच्या कागदाचं पान उलटलेलं होतं, आणि त्यांच्या स्टँडवर तिची ओळ होती, दुसऱ्या खुर्चीची, त्यांच्या स्वतःच्या तिरप्या अक्षरात उतरवलेली, शाई अजून नवी. बासष्ट. त्यांचं कोपर तिच्या कोपरावर दाबलं गेलं, एकदाच. त्रेसष्ट. तिला ओरडावंसं वाटलं, सर, असं नाही करायचं, मी ती कधी खरी वाजवलेली नाही, मी ती फक्त चोरून वाजवलीय. पण चौसष्टावं घर आलं होतं, आणि काठीवाल्यांची काठी वर चालली होती, आणि आता दार उघडं टाकून कुणीच आत न शिरणं ह्यापेक्षा मोठं पाप नव्हतं. तिनं श्वास घेतला. खोल, मोकळा, शेजाऱ्यालाच काय, मागच्या नगारेवाल्यालाही ऐकू जाईल असा. कोपर वर झालं. तिच्या शेजारी एक ट्रम्पेट उचललं गेलं.

वरची ओळ तिच्या ओठांतून निघाली. निघाली तशी थरथरली, मग चालू लागली. काठीवाल्यांचा हात क्षणभर हवेत अडखळला, तिच्याकडे वळला, आणि मग तिच्याकडेच राहिला. लोकांना पहिल्या खुर्चीतला म्हातारा दिसत होता आणि सूर ऐकू येत होता. कुणाचा कुठला, हे कोण विचारणार? पण तिचं तिथं लक्ष नव्हतं. तिच्याखालून काहीतरी येत होतं. तिचीच ओळ, जी तिनं पंधरा वर्षं वाजवली होती आणि जी तिला नेहमी सावली वाटली होती, मागून फरफटत येणारी. ती ओळ आज बाहेरून तिच्या कानात येत होती, सरांच्या हाडातून, तिच्या श्वासाबरोबर उठून, तिच्या श्वासाबरोबर टेकत. सावली नव्हती ती. जमीन होती. तिला आधार देणारी, पाय कुठंही टाक म्हणणारी. इतकी वर्षं आपण कुणाला तरी हे देत होतो, आणि त्याला ते ऐकू येत नव्हतं, आणि आपल्यालाही नाही. तिला थांबून नीट ऐकावंसं वाटलं, पण थांबता येत नव्हतं. अजून अकरा घरं होती, सगळी भरलेली, आणि प्रत्येकात तिलाच आधी शिरायचं होतं.